जिन्यातील आपोआप दिवा आणि हाताचा स्विच

वैशाखरे येथे आमचे कापडाचे दुकान आहे. विक्री खाली होते व माल माडीवर राहतो. खांद्यावर तागे घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला बटण दाबण्यास हात मोकळा नसतो. त्यात हे गाव माळशेज घाटाच्या पायथ्याचे. पावसाळ्यात दिवसाही जिन्यात अंधार असतो. म्हणून आम्ही माणसाची चाहूल लागताच पेटणारा दिवा, म्हणजे मोशन सेन्सर, बसविला. सोय उत्तम झाली, पण दोन गोष्टी आम्हाला नुकसान सोसून शिकाव्या लागल्या. इतर दुकानदार बंधूंना त्या फुकट कळाव्यात, म्हणून हा लेख.

सेन्सर काय पाहतो?

सेन्सरला माणूस दिसत नाही. शरीरातून निघणारी उष्णता एका जागेवरून दुसरीकडे सरकली, एवढेच त्याला कळते. ठरलेल्या वेळेत हालचाल झाली नाही तर तो दिवा विझवतो. साठा मोजताना आमचा नोकर वही घेऊन मधल्या पायरीवर स्थिर उभा होता. दिवा विझला, तो दचकून वळला, पायरी चुकली आणि मनगट मोडले. दोष सेन्सरचा नव्हता. दिवा सतत चालू ठेवणारा हाताचा स्विच आम्ही बसविला नव्हता, हा आमचा दोष होता.

समोरून सरळ येणाऱ्या माणसापेक्षा आडवा जाणारा माणूस सेन्सरला चटकन कळतो. म्हणून तो जागा पाहून लावावा. एप्रिल-मे महिन्यांत हवा शरीराइतकी तापली की त्याची पकड कमी होते. वळणाच्या जिन्याला खाली एक व वर एक असे दोन सेन्सर लावावेत.

जोडणी कशी असते?

नेहमीच्या सेन्सरला तीन तारा असतात: फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी तार. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून खोक्यावरील आकृती पाहूनच जोडावे. जुन्या स्विचबोर्डात बहुधा न्यूट्रल नसते, ते थेट दिव्याच्या होल्डरकडे गेलेले असते. अशा वेळी सेन्सर होल्डरजवळ बसविणे सोपे पडते.

हाताचा स्विच सेन्सरच्या बाजूने, म्हणजे समांतर, जोडावा. त्याचे एक टोक सेन्सरला येणाऱ्या फेजला आणि दुसरे दिव्याकडे जाणाऱ्या तारेला. स्विच चालू असेपर्यंत दिवा सतत जळतो. स्विच बंद केला की कारभार पुन्हा सेन्सरकडे जातो. स्विच नेहमी फेजवर असावा, न्यूट्रलवर कधीही नाही.

खरा धोका

दुसरी गोष्ट महाग पडली. आमचा सेन्सर इन्व्हर्टरच्या लाईनवर होता. हाताचा स्विच बसविताना वायरमनने तार वाचविण्यासाठी शेजारच्या बोर्डातून फेज घेतला. तो बोर्ड थेट मेन लाईनवर होता. वीज गेली तेव्हा स्विच चालूच होता. कोणीतरी जिना चढला, सेन्सर लागला आणि दोन्ही लाईन एकमेकींना जोडल्या गेल्या. वीज परत येताच इन्व्हर्टर जळाला.

पैशाचे नुकसान भरून निघते. पण अशा जोडणीत इन्व्हर्टरची वीज उलट मेन लाईनकडे जाऊ शकते. वीज बंद आहे असे समजून तारेला हात लावणाऱ्याचा जीव त्यात धोक्यात येतो. तीन फेजच्या इमारतीत सेन्सर एका फेजवर व स्विच दुसऱ्या फेजवर असला, तर सुमारे ४०० व्होल्टचा शॉर्ट होतो. म्हणून नियम एकच: सेन्सर आणि हाताचा स्विच यांना फेज एकाच जागेवरून द्यावा. दोन सेन्सर असतील तर दोघांनाही तोच.

तपासणी सोपी आहे. जिन्याच्या लाईनचा एमसीबी खाली पाडावा आणि मग हाताचा स्विच चालू करावा. दिवा पेटला तर फेज दुसरीकडून येत आहे. स्विच लगेच बंद करावा व परवानाधारक वायरमनला बोलवावे.

हिशेब

९ वॅटचा एलईडी दिवा रोज १२ तास जळाला तर महिन्याला ३.२४ युनिट लागतात. सेन्सरमुळे तो रोज १ तासच जळला, आणि सेन्सरचा स्वतःचा खर्च अर्धा वॅट धरला, तर ०.६३ युनिट. म्हणजे बचत अडीच युनिटांच्या आसपास. जुन्या ६० वॅटच्या बल्बला हेच १२ तासांचे २१.६ युनिट लागत, तेव्हा बचत मोठी दिसली असती. आज बिलासाठी सेन्सर घेणाऱ्याची निराशा होईल. तो घ्यावा खांद्यावर ओझे असणाऱ्या माणसाच्या पायासाठी, आणि हाताचा स्विच घ्यावा थांबून काम करणाऱ्यासाठी. चार हात तार वाचविण्यासाठी या दोघांचा फेज मात्र कधी वेगळा करू नये.