‘काउंट’ म्हणजे कोण? माळव्यातील सरंजामावरून एक उलगडा

मंडळीच्या इतिहासाचा पाठ देताना झिंझेनडॉर्फ यांचे नाव आले की श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारतो, ‘काउंट’ म्हणजे राजा की जमीनदार? नर्मदेच्या उत्तर तीरावर, हंडियासमोर वसलेल्या नेमावरकडील एका उपदेशकबंधूंनी हाच प्रश्न आम्हांस केला. आपल्या पुस्तकांतून या शब्दाला कोठे ‘सरदार’, कोठे ‘उमराव’, तर कोठे सरळ ‘राजा’ असे प्रतिशब्द आढळतात. प्रश्न केवळ भाषांतराचा असता तर इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. तथापि हेर्नहूटच्या वसाहतीत जे घडले ते कोणत्या अधिकाराने घडले, हे या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. आणि तो अर्थ समजून घेण्यास नेमावरच्या आसपासचा मुलूखच उत्तम साधन आहे.

लॅटिन भाषेतील मूळ शब्द ‘कोमेस’. त्याचा अर्थ सोबती, म्हणजे सम्राटाच्या सन्निध असणारा. शार्लमेनच्या काळी काउंट हा एका परगण्याचा नेमलेला अधिकारी होता; न्याय देणे, सैन्य जमविणे आणि वसुली पाहणे ही त्याची कामे. त्याच्यावर देखरेख ठेवण्यास सम्राट आपले फिरते दूत धाडीत असे. पुढे केंद्रसत्ता दुबळी झाली, बापाचे पद मुलाकडे जाऊ लागले आणि इ. स. ८७७ मध्ये टकल्या चार्ल्सच्या आज्ञापत्राने या प्रघातास एका परीने मान्यताही मिळाली. जे काम होते ते वतन झाले. मग वतनावरून घराणे आणि घराण्यावरून पदवी.

मराठी राज्यातील सरंजामाची कथा याहून फार निराळी नाही. सरंजाम हा फौज बाळगण्यासाठी दिलेला मुलूख. त्याच्या उत्पन्नात सरदाराच्या जातीचा वाटा वेगळा आणि फौजेचा वेगळा. धारक वारला की वारसाने नजराणा भरून नवी सनद घ्यावी, अशी रीत होती. सरदाराच्या पदरी दिवाण, मजुमदार, फडणीस असे दरकदार सरकारातून नेमले जात. ते हिशेबाची वरपर्यंत खबर देत. शार्लमेनचे फिरते दूत आणि हे दरकदार यांत मला तरी मोठे साम्य दिसते. व्यवहारात मात्र सरंजाम पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहिले.

याचे ठळक उदाहरण धार व देवास येथील पवारांचे. नगर जिल्ह्यातील सुप्याकडून आलेले हे घराणे ‘विश्वासराव’ हा किताब लावीत असे. उदाजी पवारांचे पहिल्या बाजीरावाशी बिनसले, तेव्हा त्यांच्या जागी बंधू आनंदराव पुढे आले आणि धारची गादी त्यांच्या वंशात राहिली. म्हणजे पद अद्याप धन्याच्या मर्जीवर होते. पण धन्याने बदल केला तो त्याच घरात! आनंदरावांचे पुत्र यशवंतराव १७६१ मध्ये पानिपतावर पडले. देवासची कथा याहून मौजेची आहे. तुकोजी आणि जिवाजी या भावांनी मुलूख वाटून घेतला आणि एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारी शेजारी नांदू लागली. इंग्रजी अमदानीत दोघांनाही पंधरा तोफांची सलामी होती.

जर्मनीतील काउंट घराण्यांतही वाटण्यांचा हाच खेळ चाले. झिंझेनडॉर्फ यांची पत्नी एर्डमूथ डोरोथेया, जिने हेर्नहूटचा जमाखर्च सांभाळला, ती रॉयस-एबर्सडॉर्फ या अशाच एका शाखेची कन्या. रॉयस घराण्यात प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिख, ओळख काय ती आकड्यावरून! साम्राज्याच्या सभेत काउंटांना व्यक्तिशः मत नव्हते. वेटेराऊ, स्वाबिया, फ्रँकोनिया व वेस्टफालिया अशा त्यांच्या चार मंडळांना प्रत्येकी एकच मत होते.

खुद्द नेमावर हे पवारांचे नव्हे. तो होळकरांचा मुलूख. देवास जिल्ह्यात तो संस्थानांच्या विलीनीकरणानंतर आला. परंतु पदवी कशी जन्मते याचा नमुना तेथेही आहे. पेंढाऱ्यांचा पुढारी चितू याचा तळ नर्मदाकाठी याच भागात होता. दौलतराव शिंद्यांनी त्याला ‘नवाब’ हा किताब दिला. लुटारूच्या हातून मुलूख काढून घेता येत नसेल तर त्याला किताब देऊन आपला म्हणावे, ही युक्ती युरोपातील राजांनाही ठाऊक होती. १८१९ मध्ये चितू रानात वाघाच्या तोंडी पडला आणि त्याची नवाबी तेथेच संपली.

धार व देवास मात्र टिकले. देवासचा इंग्रजांशी तह १८१८ चा, धारचा १८१९ चा. त्यांनी सरंजामदारांचे संस्थानिक झाले. जर्मनीत याच सुमारास उलटे घडले. १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य मोडले आणि स्वतःच्या मुलखावर हुकूम चालविणारे बहुतेक काउंट मोठ्या राजांची प्रजा बनले. मान राहिला, राज्य गेले. १९१९ च्या जर्मन घटनेने पदवी हा आडनावाचा भाग ठरविला. ऑस्ट्रियाने तर त्याच वर्षी ती कायद्याने रद्दच केली. आपल्याकडे १९४८ मध्ये धार-देवास मध्य भारतात विलीन झाले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपुष्टात आले.

आता झिंझेनडॉर्फ (१७००–१७६०) यांच्याकडे वळू. पदवीने ते साम्राज्याचे काउंट होते. परंतु धारच्या पवारांसारखा मुलूख त्यांच्याकडे नव्हता. सॅक्सनीच्या राजसत्तेखालील बर्टेल्सडॉर्फ ही जमीनदारी त्यांनी आजीकडून विकत घेतली. जमीनदार म्हणून गावच्या मंडळीचा पाळक नेमण्याचा हक्क त्यांना होता. त्या हक्कानेच रोथे तेथे पाळक झाले. १७२२ मध्ये मोराव्हियातून आलेले निर्वासित त्यांच्या जमिनीवर वसले, म्हणून १७२७ मध्ये वसाहतीचे नियम त्यांना जमीनदार या नात्याने घालून देता आले. त्या नियमांतच हेर्नहूटच्या रहिवाशांना वेठबिगारीच्या बंधनातून कायमचे मुक्त केले होते. ही सवलत उपदेशकाची नव्हे, धन्याची होती. पाठ शिकविताना हा भेद सांगावाच.

म्हणून आमची सूचना अशी की ‘काउंट’ हाच शब्द ठेवावा आणि प्रथम उल्लेखी ‘सरंजामी पदवी असलेला जमीनदार’ असे स्पष्टीकरण द्यावे. ‘सरदार’ म्हटल्यास पदरी फौज असल्याचा भास होतो. ‘राजा’ तर मुळीच म्हणू नये. १७३६ मध्ये सॅक्सनीच्या दरबाराने झिंझेनडॉर्फ यांना हद्दपार केले, आणि त्यांना आपले गाव सोडून निघावे लागले.