जबड्यासाठी पायाचं हाड

फुलपाड्याहून विरार लोकल गाठून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला कधी सांगितलं जातं, 'जबड्याचं हाड काढावं लागेल, पायाच्या हाडानं ते पुन्हा उभं करू.' घरचे विचारतात, मग हा चालणार कसा?

तर मंडळी, आपला भार पेलते ती नडगी. तिच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचं बारीक हाड असतं, त्याच्यावर फारच थोडा भार येतो. घोट्या-गुडघ्याकडची टोकं राखून मधला लांब तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या वळणानं कापतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जबड्यासाठी ही रीत १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी मांडली. घोटा थोडा आखडतो, पण बहुतेकजण पुन्हा नीट चालतात.

कमरेचं हाड का नको? लहान खळग्याला ते चालतं. पण रक्तपुरवठ्याविना बसवलेला तुकडा किरणोपचारात टिकणं कठीण.

आणखी एक. ज्या तंबाखूनं जबडा नेला, तीच पायाच्या धमन्याही अरुंद करते. म्हणून आधी पायाच्या रक्तवाहिन्या तपासतात. त्या खराब निघाल्या, तर खांद्याच्या फऱ्याचं हाड घेतात. ही तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.