टेन्स मशीन विकायचंय? आधी एक वाक्य लिहा



परवा पुण्याच्या बॅचमध्ये एक दादा पिशवीतून नमुनाच घेऊन आले. भोसरीला त्यांचं छोटं युनिट आहे, इतकी वर्षं चार्जर आणि पॉवर सप्लाय बनवायचे. आता त्यांनी टेन्स मशीन बनवलंय, म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून नसांना हलका करंट देणारं, दुखणं कमी करणारं मशीन. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुम्ही बघितलं असेल. दोनशे नग तयार, डबेसुद्धा छापलेले. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘एफडीए अप्रूव्हड’.

मी विचारलं, “दादा, कुठल्या एफडीएनं?”

ते म्हणाले, “सर, सर्किटमधली चिप अमेरिकेत अप्रूव्हड आहे ना!”

हसू नका. हा गोंधळ फार लोकांचा होतो, आणि तो महागात पडतो.

एफडीए दोन आहेत

एक अमेरिकेची. टेन्स तिथे दुसऱ्या वर्गात येतं आणि त्याला ‘फाइव्ह-टेन-के’ नावाचं क्लिअरन्स लागतं. बाजारात आधीपासून असलेल्या मशीनइतकंच आपलं मशीन सुरक्षित आणि परिणामकारक आहे, हे तिथे दाखवावं लागतं. हे क्लिअरन्स पूर्ण मशीनला मिळतं, आतल्या चिपला नाही. आणि मिळालं तरी ते भारतात विकायचा परवाना होत नाही. युरोपच्या सीई मार्कचंही तेच.

दुसरी एफडीए आपली, महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन. तुमचा परवाना इथून येतो.

“आम्ही वीस वर्षं विकतोय, काही लागत नाही”

जुने व्यापारी असं सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पूर्वी मोजकीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत होती. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. मग १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याने ‘औषध’ मानली गेली. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाला परवाना १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा झाला, ‘क’ आणि ‘ड’ वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून. आता विनापरवाना उत्पादन केलं तर शिक्षा तीन ते पाच वर्षं कैद, वर किमान एक लाख रुपये दंड.

आता ते एक वाक्य

कागदपत्रांच्या मागे धावण्याआधी कोऱ्या कागदावर लिहा: *हे मशीन कोणासाठी, शरीरावर कुठे आणि कशासाठी?* नियमांच्या भाषेत याला ‘अभिप्रेत वापर’ म्हणतात. पुढचं सगळं याच वाक्यावर ठरतं.

“स्नायूंचं आणि सांध्यांचं दुखणं तात्पुरतं कमी करण्यासाठी, त्वचेवरून” असं लिहिलंत, तर शरीराला ऊर्जा देणारं उपचाराचं उपकरण म्हणून ते साधारण ‘ब’ वर्गात बसतं. हेच तंत्र शरीराच्या आत बसवायचं असेल, जसं मणक्याजवळ बसवतात ते स्टिम्युलेटर, तर थेट ‘ड’ वर्ग आणि परवाना दिल्लीच्या केंद्रीय यंत्रणेकडून, म्हणजे सीडीएससीओकडून. तत्त्व तेच, रस्ता पूर्ण वेगळा.

आणि डब्यावर “लकवा बरा करतं” किंवा “शुगर घालवतं” असं छापलंत तर? तुमच्या परवान्यात ते वाक्य नसेलच. शिवाय १९५४ चा जादूटोणा-औषध जाहिरातींचा कायदा वेगळा लागतो. पक्षाघात आणि मधुमेह दोन्ही त्याच्या यादीत आहेत.

रस्ता कसा आहे

१. चाचणीपुरते नग बनवायलाही परवानगी लागते. अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३.

२. विद्युत सुरक्षेची चाचणी करा. सर्वसाधारण मानक आयईसी ६०६०१-१ आणि नस-स्नायू स्टिम्युलेटरचं खास मानक ६०६०१-२-१०. लॅबला पैसे देण्याआधी विचारा, “तुमच्या मान्यतेच्या यादीत ‘दोन-दहा’ आहे का?”

३. दोन फायली तयार करा. एक उपकरणाची, एक कारखान्याची. सोबत गुणवत्ता व्यवस्था हवी. आयएसओ १३४८५ च्या शिस्तीने काम करत असाल तर निम्मं ओझं उतरतं.

४. ‘ब’ वर्गासाठी ऑनलाइन अर्ज एमडी-३. फी कारखान्याच्या जागेला ५,००० रुपये आणि प्रत्येक उपकरणाला ५०० रुपये. मान्यताप्राप्त संस्था कारखान्याचं ऑडिट करते, मग परवाना एमडी-५.

स्वतः न बनवता दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात बनवून घेणार असाल तर लोन लायसन्स, अर्ज एमडी-४. चीनमधून आणून विकणार असाल तर आयात परवाना एमडी-१५, तोही सीडीएससीओकडूनच. आणि माल ज्याच्याकडे ठेवणार त्या विक्रेत्याच्या एमडी-४२ नोंदणीची चौकशी करा.

म्हणजे सरकारी फी किरकोळ आहे. खरा खर्च चाचणी, फायली आणि वेळेचा. तो धंद्याच्या हिशेबात पहिल्या दिवशीच धरा.

एवढं सगळं कशाला?

दादांनीही हेच विचारलं. मी म्हणलं, “तुमच्या माहितीपत्रकात पेसमेकरवाल्यांसाठी सूचना कुठाय?” ती नव्हती. पेसमेकर असलेल्या माणसाला हे मशीन लावायचं नसतं, मानेच्या पुढच्या भागावर पॅड लावायचे नसतात, गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नसतं. चार्जर बिघडला तर फोन जातो. इथे पॅडच्या पलीकडे माणूस आहे. चाचणी आणि फायली तुम्हाला हे प्रश्न माल बाजारात जायच्या आधी विचारायला लावतात.

दादांचे डबे रद्दीत गेले. दोनशे नग विकायचे नाहीत, आधी सल्लागाराला दाखवायचे, असं ठरलं. चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू. पण जाताना वहीत त्यांनी आपलं वाक्य लिहून दाखवलं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

तुम्ही दवाखाना चालवत असाल तर तुमचं काम सोपं आहे. मशीन घेताना लेबलवर उत्पादन परवान्याचा नंबर बघा आणि बिलासोबत परवान्याची प्रत मागून ठेवा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

पुढच्या व्हिडिओत उपकरणाची फाइल पानापानाने उघडून बघू. तोपर्यंत तुमचं वाक्य लिहून ठेवा. भेटूया!