शरीराचे घड्याळ आणि साखर

शेतीची वीज रात्री असली की कळवणकडे कांद्याला पाणी भरून येईपर्यंत जेवायला अकरा वाजतात. पण आपल्या पेशींनाही २४ तासांचे घड्याळ असते बरं का! फळमाशीत त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश व यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. रात्री मेलाटोनिन वाढते, इन्सुलिन कमी पडते. तीच भाकरी तेव्हा साखर जास्त चढवते. औषधालाही वेळ असते. यकृत रात्री कोलेस्टेरॉल जास्त बनवते, म्हणून सिमव्हास्टॅटिन रात्री देतात. इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. अंधारात, शिवारात एकट्याला हे जिवावर बेतू शकते. म्हणून शक्यतो आधी जेवा, मग पाणी भरायला जा. औषधाची वेळ मात्र स्वतः बदलू नका. रात्रीची कामे डॉक्टरांना सांगा.