रुळांवर चालणारं छप्पर

टोरांटोच्या रॉजर्स सेंटरला लोक बेसबॉल बघायला जातात. माझं सांगणं असं, की बेसबॉल कळो न कळो, त्या स्टेडियमचं छप्पर उघडताना एकदा पाहावंच. आठ एकरांवर पसरलेलं, सुमारे 11,000 टनांचं हे धूड वीस मिनिटांत बाजूला होतं आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर मोकळं आकाश येतं.

त्याची सुरुवात पावसानं झाली. 28 नोव्हेंबर 1982 रोजी टोरांटोच्या जुन्या एक्झिबिशन स्टेडियममध्ये ग्रे कपचा, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉलचा अंतिम सामना होता. यजमान आर्गोनॉट्स हरले आणि हजारो प्रेक्षक ओलेचिंब झाले. ओंटारिओचे प्रीमियर बिल डेव्हिसही त्या सामन्याला हजर होते. दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या स्वागताला जमलेल्या गर्दीनं एकच घोषणा लावून धरली, आम्हाला छप्पर हवं! पुढे 3 जून 1989 रोजी 'स्कायडोम' या नावानं हे नवं स्टेडियम सुरू झालं. उद्घाटनाच्या रात्रीही पाऊस होता, तरी ठरल्याप्रमाणे छप्पर उघडलंच आणि पाहुणे भिजले.

वास्तुरचनाकार रॉड रॉबी आणि अभियंता मायकल ॲलन यांनी छपराचे चार भाग केले. उत्तरेकडचा भाग कायम जागेवर. मधल्या दोन कमानी सरळ रेषेत मागे सरकतात. दक्षिणेकडचा घुमटाचा तुकडा मात्र गोल रुळांवरून अर्धी प्रदक्षिणा घालत उत्तरेला पोचतो आणि चारही भाग एकमेकांत बसतात. खाली रेल्वेसारखेच पोलादी रूळ, त्यांवर चाकांच्या बोगी, आणि त्या ओढायला विजेच्या मोटारी. यात चमत्कृती काही नाही, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. मॉन्ट्रियलनं 1976 च्या ऑलिंपिक स्टेडियमसाठी तिरक्या मनोऱ्यावरून तारांनी उचलायचं कापडी छप्पर योजलं. ते बसलंच 1987 मध्ये, आणि नंतर पुन्हा पुन्हा फाटलं. टोरांटोनं आगगाडीचं जुनं, पारखलेलं तंत्र घुमटाला लावलं. ते अजून चालतंय.

ही जागाच मुळी रेल्वेची. त्याआधी तर इथे ओंटारिओ सरोवराचं पाणी होतं. उत्तरेचा फ्रंट स्ट्रीट हा एके काळचा काठ. भराव घालून जमीन केली आणि तिच्यावर रूळ पसरले. स्टेडियमच्या समोर जॉन स्ट्रीट राउंडहाउस ही इंजिनांची गोल शेड उभी आहे. 1929 मध्ये बांधायला घेतलेल्या या शेडमध्ये 32 इंजिनं उभी राहायची, आणि मधल्या 120 फुटी टर्नटेबलवर इंजिन चढवून त्याचं तोंड फिरवायचे. आता तिथे रेल्वे संग्रहालय आहे. आधी ते टर्नटेबल बघावं, मग छपराचा फिरता भाग. दोन्हींमधलं नातं कुणी समजावून सांगावं लागत नाही.

स्टेडियमच्या पश्चिमेला, ब्लू जेज वे या रस्त्याजवळ, आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे सामन्याच्या घाईत कुणी वळत नाही. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा डोंगरातला मार्ग बांधणाऱ्या चिनी मजुरांचं हे स्मारक. 1880 ते 1885 या काळात सुमारे 17,000 मजूर आले, त्यांतले कित्येक सुरुंगांत, दरडींखाली, रोगराईत गेले. रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी सरकारनं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चिनी माणसावर 50 डॉलरांचा कर बसवला, आणि 1903 पर्यंत तो 500 वर नेला. बोरघाटातून रेल्वे नेताना गेलेले मजूर ज्याला ठाऊक आहेत, त्यानं इथे थोडं थांबावं.

स्टेडियमचा खर्च सुमारे 57 कोटी डॉलर झाला, त्याचा बराचसा भार सरकारी तिजोरीवर पडला, आणि 2004 मध्ये रॉजर्स कंपनीनं स्टेडियम घेतलं ते अवघ्या अडीच कोटींना. हा व्यवहार जनतेच्या अंगलटच आला असं माझं मत आहे. पण याच मैदानावर 23 ऑक्टोबर 1993 रोजी जो कार्टरनं शेवटच्या डावात चेंडू कुंपणापार मारून टोरांटोच्या ब्लू जेज संघाला बेसबॉलच्या अजिंक्यपदाची, म्हणजे वर्ल्ड सिरीजची मालिका सलग दुसऱ्यांदा जिंकून दिली. शेवटच्या चेंडूवरच्या षटकाराचं सुख आणि दुःख शारजापासून ओळखणाऱ्या आपल्याला तो क्षण कळायला बेसबॉलचे नियम लागत नाहीत. 2025 मध्ये ब्लू जेज पुन्हा वर्ल्ड सिरीजला पोचले आणि सातवा, निर्णायक सामना याच छपराखाली अकराव्या इनिंगला हरले.

जायचं तर हवामान पाहून उन्हाळ्यातला दिवस निवडा. थंडीत छप्पर हलवत नाहीत. युनियन स्टेशनवर उतरलात की चालत जाता येतं. शेजारी 553 मीटरचा सीएन टॉवर आहे. वर गेलात तर आधी खाली स्टेडियमकडे बघा, छपराचे चारही भाग कसे जुळवलेत ते तिथूनच नीट दिसतं.