डेटाबेस शिकताय? आधी टेबल नीट आखायला शिका

आपल्या वस्त्यांमधून बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा करणारी मुलं-मुली आज घरोघरी दिसतात. एसक्यूएलच्या कमांड पाठ करून पेपर सुटतो. पण मुलाखतीत कुणी ‘शाळेच्या लायब्ररीसाठी टेबलं आखून दाखवा’ म्हटलं की गाडी अडते. म्हणून रिलेशनल डेटाबेसची मूळ गोष्ट आम्ही इथे साध्या भाषेत मांडत आहोत.

ही कल्पना आयबीएममधले गणिती एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. माहिती साध्या टेबलांत ठेवायची आणि टेबलं एकमेकांशी जोडायची, असा तिचा गाभा. पुढे १९७४ मध्ये आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी भाषा सुचवली, तीच आजची एसक्यूएल. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट एकाच ठिकाणी

लायब्ररीचं एकच मोठं रजिस्टर समजा. प्रत्येक ओळीत मुलाचं नाव, वर्ग, फोन, पुस्तक, तारीख. एका मुलीने दहा पुस्तकं नेली तर तिचा फोन दहा वेळा लिहिला जाणार. नंबर बदलला आणि नऊच ठिकाणी दुरुस्त केला, तर खरा कोणता? म्हणून तीन टेबलं करायची: विद्यार्थी, पुस्तके आणि देवघेव. देवघेवीत फक्त विद्यार्थ्याचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि तारखा. नाव-फोन हवा असेल तेव्हा ‘जॉइन’ करून मिळतो.

नावावर भरवसा नको

प्रत्येक ओळीची पक्की ओळख म्हणजे प्रायमरी की. दुसऱ्या टेबलात तिचा हवाला दिला की ती फॉरेन की. नवशिके नावालाच की करतात, आणि इथेच नुकसान होतं. एका वर्गात दोन शेख आयेशा असू शकतात. एकाच मुलाचं नाव एका दाखल्यावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसतं ‘मो.’ असतं. माणसाला कळतं की मुलगा एकच आहे, कॉम्प्युटरला ती तीन माणसं वाटतात. शिष्यवृत्तीच्या यादीत असं झालं तर हक्काचा पैसा अडकतो. शाळेत जनरल रजिस्टर नंबर असतो तो याचसाठी. आडनावाचा रकाना सक्तीचा करण्याआधीही विचार करा, सगळ्यांना आडनाव नसतं.

कामावर उपयोगी पडणाऱ्या चार गोष्टी

पहिली, ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ लिहिताना ‘व्हेअर’ विसरलात तर सगळं टेबल बदलतं. आधी तीच अट ‘सिलेक्ट’ला लावून ओळी पाहून घ्या.

दुसरी, ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे, तर ‘माहीत नाही’. ‘बरोबर नल’ ही तुलना कधीच खरी ठरत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं.

तिसरी, ट्रान्झॅक्शन. एका खात्यातून ५०० रुपये निघाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली तर? दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तर एक तर दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही.

चौथी, वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवू नका. डिसोझा हे नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये जे चिन्ह येतं, तेवढ्यानेही क्वेरी मोडते. आणि वाईट हेतूचा माणूस त्याच वाटेने आत शिरतो. नेहमी पॅरामीटर वापरा.

सुरुवात कुठून?

एसक्यूलाइट मोफत आहे. सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलीत राहतो, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. एक ध्यानात ठेवा, त्यात फॉरेन कीची तपासणी सहसा बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. हात बसला की पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलकडे वळा, तेही मोफत मिळतात.

आणि सराव खोट्या उदाहरणांवर करू नका. मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाची उधारी, मदरशाची हजेरी, वाचनालयाची देवघेव, यातलं एक घ्या. कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर टेबलं आखा. मुलाखतीत तोच कागद तुमच्या कामी येईल.