आधी पाणी, मग मासे

सिक्लिड म्हटलं की डोळ्यांसमोर रंग येतात. दुकानातल्या एकाच टाकीत पिवळे, निळे, जांभळे मासे गुण्यागोविंदानं पोहत असतात, मुलं बोट दाखवतात आणि आपण प्रत्येक रंगाचा एकेक घेऊन येतो. पण दुकानात असतात ती पिल्लं. ती मोठी झाली की त्यातला एखादा दादा होतो, बाकीचे फिल्टरमागे लपतात आणि एका सकाळी ‘आपला मासा का मेला?’ या मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

मी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि घरी चार फुटी टाकी सांभाळतो. ‘कुठले सिक्लिड एकत्र चालतील?’ असं मंडळातलं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, ‘तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?’

कारण सिक्लिड हे एका माशाचं नाव नाही, ते मोठं कुळ आहे. त्यात दीड हजाराहून जास्त जाती आहेत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या एंजल आणि डिस्कसला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. डिस्कसला तर २८ ते ३० अंशांची ऊब लागते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी याच्या उलट, जड आणि अल्कधर्मी, पीएच साधारण ७.८ ते ८.६. आपल्याकडेही या कुळातला मासा आहे. गोव्याची कालुंदर सिक्लिडच, आणि ती खाडीच्या मचूळ पाण्यात रमते. या तिघांना एका टाकीत ठेवलं, तर भांडणाआधी पाणीच कुणाला तरी त्रास देईल.

बोअरवेलचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. बादलीवर पांढरे डाग पडत असतील, तर मलावीचे मासे तुम्हाला सोपे जातील. तरी टेस्ट किटनं पीएच आणि जडपणा तपासूनच ठरवा.

पाणी ठरलं की स्वभाव बघायचा. मलावीच्या खडकांत राहणाऱ्या माशांना ‘म्बुना’ म्हणतात. त्यातला ऑरेटस दिसायला देखणा, पण फार भांडखोर, म्हणून नवख्यांनी टाळावा. त्यापेक्षा यलो लॅब, रस्टी आणि एसाय ही त्रयी घ्या. तिघे त्यातल्या त्यात शांत, आणि रंगानं वेगळे. सारख्या दिसणाऱ्या माशांत मारामारी जास्त होते, संकरही होतो. ऑस्कर मात्र यांच्यात नको. तो फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. फ्लॉवरहॉर्नला तर एकटंच ठेवावं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं. त्यात प्रत्येक जातीचे पाच-सहा मासे पुरेत, एका नरामागे दोन-तीन माद्या. शक्यतो सगळी पिल्लं एकदम सोडा, म्हणजे आधीच जागा बळकावून बसलेला कुणी नसतो. दगडांच्या भरपूर कपारी करा. दगड आधी तळाशी पक्के बसवा, मग वाळू घाला, कारण हे मासे वाळू उकरतात. खायला शाकाहारी, स्पिरुलिनाचे दाणे द्या. रोज ब्लडवर्म दिले तर म्बुनांचं पोट बिघडतं.

एक पथ्य मात्र घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. टाकी भरल्यावर मासे लगेच आणायचे नाहीत. घाण पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनी तेवढ्यात थंडीसाठी हीटरही आणून ठेवावा.

मुलांना थांबणं जड जातं, हे खरं. पण पुढे यलो लॅबची मादी अंडी तोंडात धरून जवळजवळ तीन आठवडे उपाशी राहते आणि मग तिच्या तोंडातून इवलीशी पिल्लं बाहेर पडतात. हे बघायला मुलंच तुम्हाला हाका मारतील.